कापसाच्या बोलण्यात कापूसवाला कुठे?

१९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. मुदत दिली ३० सप्टेंबरची. दहा दिवसही झाले नाहीत तोच, २८ ऑगस्टला, ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. पहिला निर्णय झाला तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. खत देऊन झाले होते, फवारणीची उधारी दुकानदाराच्या वहीत चढली होती. मुदतवाढ संपेपर्यंत पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस बाजारात येऊन जाणार, हे कळायला कृषी विद्यापीठाची पदवी लागत नव्हती.

हा निर्णय आकाशातून पडला नाही. सूतगिरण्यांच्या आणि कापड निर्यातदारांच्या संघटना शुल्क काढा म्हणून मागणी करीत होत्या. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा त्यांची मागणी आणखी जोरात आली. त्यांची अडचण खोटी नव्हती. तयार कपड्याची मागणी तुटली तर गिरणीच्या पाळ्या बंद पडतात आणि त्या पाळ्यांत आपल्याच गावातली मुले-मुली काम करतात. उद्योगाने तोंड उघडले, सरकारने ऐकले, अधिसूचना निघाली. सरकार आणि उद्योग यांच्यात असा संवाद असावा, असे अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात. तो झाला, याबद्दल आमची तक्रार नाही.

आमचा प्रश्न एवढाच आहे. बोलणे कापसाचे होते, मग त्यात कापूस पिकवणारा कुठे होता?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर चावडीवरचे: सरकार आणि कारखानदार एकच, त्यांची मिलीभगत आहे, आपण फक्त रस्ता अडवायचा. दुसरे उत्तर पांढऱ्या कपड्यांतले: शेतकऱ्याला यातले काय कळते, त्याचे हित आम्ही बघतो. पहिल्या उत्तराने दिवसभर वाहतूक थांबते, संध्याकाळी मोकळी होते आणि अधिसूचना आहे तशीच राहते. दुसऱ्या उत्तराने काय होते, ते आपण पन्नास वर्षे पाहात आलो आहोत.

ती पन्नास वर्षे थोडक्यात आठवू. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून सरकार हाच एकमेव व्यापारी झाला. व्यापारीच सरकार म्हटल्यावर संवाद कुणाशी करायचा? संकलन केंद्रावरचा ग्रेडर जो दर्जा लावील तो दर्जा आणि चुकारा येईल तेव्हा येईल. शेजारच्या राज्यात दर चढला तरी आपला कापूस सीमेवर अडवला जायचा. २००२ मध्ये खाजगी खरेदीला परवानगी मिळाली आणि एकाधिकार संपला. त्यानंतर उलटे झाले. सरकार मागे सरले, व्यापारी आणि गिरण्या पुढे आल्या, पण या तिघांनी एकत्र बसून बोलायची जागा कुणी तयार केली नाही. एकाधिकारात आपले कुणी ऐकत नव्हते, खुल्या बाजारात ऐकायला कुणी बसलेलेच नाही.

संवाद नसला की सरकारचा स्वतःचा डावा हातही उजव्याला विचारत नाही. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाची निर्यात अचानक बंद केली. देशाचे कृषिमंत्री त्या वेळी शरद पवार होते. आपल्याला या निर्णयाची कल्पना नव्हती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी, म्हणजे नरेंद्र मोदी यांनी, विरोध नोंदवला. आठवडाभरात केंद्राला माघार घ्यावी लागली. पण त्या आठवड्यात ज्याने घाबरून कापूस विकला, त्याच्या पट्टीवरचा दर माघारीने बदलला नाही.

आता ११ टक्क्यांचा अर्थ आपल्या भाषेत लावू, कारण बैठकीत बसायचे तर हिशेब पाठ पाहिजे. व्यापारी खंडीत बोलतो. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. आपण क्विंटल कापसात बोलतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची सरकी आणि थोडी घट. समजा, परदेशी रुई आपल्या बंदरात खंडीला ५५ हजार रुपयांनी पडते. हा आकडा हिशेब समजण्यापुरता घेतला आहे. त्यावर ११ टक्के शुल्क म्हणजे ६,०५० रुपये. त्याला ३५६ ने भागा आणि ३४ ने गुणा. क्विंटल कापसामागे ५७८ रुपये येतात. शुल्क उठले म्हणून आपला दर लगेच ५७८ रुपयांनी पडतो असे नाही. देशातले पीक, सरकीचा दर, रुपयाची किंमत, सगळ्यांचा त्यात हात असतो. पण गिरणीवाल्याला सौदा करताना एवढी जागा मिळाली, हे खरे. पाच एकरांत एकरी पाच क्विंटल पिकवणाऱ्या कोरडवाहू घरासाठी ही जागा १४ हजार ४५० रुपयांची आहे. मुलीच्या कॉलेजची फी, सोसायटीचा हप्ता किंवा पुढच्या हंगामाचे बियाणे-खत, यांपैकी एक काही तरी त्यात बसते.

लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये ठरला. त्या हंगामात अनेक बाजारांत खाजगी सौदे त्याच्या खाली झाले. हमीभावाने विकायचे तर कापूस महामंडळाचे केंद्र, मोबाईलवरची नोंदणी आणि १२ टक्क्यांच्या आतला ओलावा, अशा तीन पायऱ्या. परतीचा पाऊस लांबला की तिसरी पायरी चढता येत नाही. म्हणजे एका हाताने सरकार हमीभाव जाहीर करते आणि दुसऱ्या हाताने त्याच हंगामात परदेशी कापसाची वाट मोकळी करते. दोन्ही हातांची गाठ घालून देणारी बैठक नाही, हेच आमचे म्हणणे आहे.

दुसऱ्या गरीब देशांनी काय केले ते पाहू. दक्षिण कोरियात १९६० च्या दशकात राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही दर महिन्याला निर्यातीची बैठक घेत. मंत्री आणि निर्यातदार समोरासमोर बसत आणि अडचण तिथल्या तिथे निकालात निघे. देश पुढे गेला, हे खरे. पण राजवट हुकूमशाहीची होती आणि त्या टेबलावर बसणारे होते ते निर्यात करणारे. तेवढेच उदाहरण घेतले तर आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये झाले तेच बरोबर ठरेल. म्हणून आपल्यासारख्याच कोरडवाहू कापूसवाल्यांकडे, पश्चिम आफ्रिकेकडे जाऊ.

माली देशात कापसाची खरेदी एकच कंपनी करीत असे. तिच्यात सरकार आणि एक फ्रेंच कंपनी भागीदार. दर वरून ठरायचा. जागतिक बाजार पडला, कंपनी तोट्यात गेली, भार शेतकऱ्यावर आला. तेव्हा २००० च्या हंगामात मालीतल्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने कापूस पेरायचाच नाही असे ठरवले. देशाचे उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. कंपनीचे जिनिंग बसून, सरकारचे परकीय चलन बुडालेले आणि शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा नाही. बोलणे तुटले की तिघेही बुडतात, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला आम्हाला माहीत नाही.

शेजारच्या बुर्किना फासोने वेगळी वाट धरली. तिथे गावोगावच्या कापूस उत्पादक गटांनी १९९८ मध्ये आपला राष्ट्रीय संघ उभा केला. १९९९ मध्ये सोफिटेक्स या कापूस कंपनीचे सुमारे ३० टक्के भाग त्या संघाकडे आले. म्हणजे शेतकरी दारात निवेदन घेऊन उभा राहिला नाही, मालक म्हणून आत बसला. पुढे कंपन्या आणि उत्पादक संघ यांची एक सामाईक संस्था झाली. किमान दर पेरणीच्या आधी जाहीर करायचा आणि चांगल्या वर्षी निधी बाजूला टाकून वाईट वर्षी तो वापरायचा, अशी पद्धत बसली. २००८ पासून तिथे बीटी कापूस आला. अळी आटोक्यात आली, पण धाग्याची लांबी घटली आणि बाजारात त्यांच्या रुईचा मान उतरला. तेव्हा कंपन्या आणि उत्पादक एकाच टेबलावर होते, म्हणून २०१६ पर्यंत ते वाण मागे घेण्याचा निर्णय होऊ शकला.

ते काही नंदनवन नाही. २०११ मध्ये तिथेही दरावरून आणि खतांच्या किमतीवरून आंदोलन पेटले. एका भागात एकच खरेदीदार, ही त्यांची पद्धत तर आपण घेऊच नये. एकाधिकार काय असतो हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. पण घेण्यासारखी गोष्ट आहे ती ही: शेतकऱ्याची जागा तिथे कुणाच्या मेहेरबानीवर नव्हती, संस्थेच्या रचनेतच होती.

एवढ्या लांब कशाला, आपल्याच राज्यात उसाकडे बघा. २०१३ साली ऊसदराचा कायदा झाला. त्याखाली मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेत ऊसदर नियंत्रण मंडळ आहे आणि त्यात कारखान्यांचे तसे शेतकऱ्यांचेही प्रतिनिधी आहेत. साखर आणि उपपदार्थ मिळून उत्पन्नाचा ७० टक्के किंवा नुसत्या साखरेचा ७५ टक्के वाटा उसाला, असे सूत्र २०१२ च्या रंगराजन समितीने सुचवले होते, तेच तिथे धरले गेले. ऊसवाल्याचे भांडण त्याने संपले नाही. थकबाकी आहे, काटामारीची तक्रार आहे. पण भांडायला कागद आहे, सूत्र आहे, बैठक आहे. पाण्याच्या पिकाला मंडळ मिळाले आणि पावसाच्या पिकाला मिळाले नाही, याचे कारण कापूसवाल्याची संख्या कमी आहे असे नाही. ऊसवाल्याचा कारखाना त्याच्या गावाजवळ आहे आणि आपली गिरणी कोइमतूरला आहे. समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून बोलणे होत नाही.

ज्वारीची तर गोष्टच निराळी. ज्वारीच्या नावाने बोलणी होतात आणि ज्वारीवाल्याला ती वर्तमानपत्रात वाचायला मिळतात. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याची योजना आणली. काळ्या पडलेल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, असे सांगितले गेले. पुढे वाद रंगला तो दारूचा आणि अनुदानाचा. ज्वारी किती घेणार, कोणत्या दराने घेणार, काळी पडलेली वेगळ्या दराने घेणार का, हे प्रश्न बाजूलाच राहिले. आज पशुखाद्य, कोंबडीखाद्य आणि भरडधान्याचे पुडे विकणाऱ्या कंपन्या ज्वारीचे गिऱ्हाईक आहेत. २०२५-२६ चा हमीभाव संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये होता. कागदावरचा हा भाव आणि खळ्यावरचा भाव यांत अंतर का पडते, हे विचारायचे तर गिऱ्हाईक आणि सरकार दोघेही समोर पाहिजेत.

तेव्हा मागणी करायची ती नुसत्या शुल्काची नाही. शुल्क आज लागेल, उद्या उठेल. मागणी करायची ती टेबलाची. राज्यात कापूस आणि ज्वारी यांच्यासाठी सरकार, उद्योग आणि शेतकरी यांचे कायम मंडळ हवे. केंद्रात वस्त्रोद्योग आयुक्तांकडे कापसाचे उत्पादन आणि वापर यांचा अंदाज काढणारी समिती आहे. तिथे शेतकऱ्याने स्वतः निवडलेला माणूस हवा. आणि अशा टेबलाला चार पाय पाहिजेत, नाहीतर ते सरकारी चहापानाचे टेबल होते.

पहिला पाय खुर्चीचा. शेतकऱ्याचा प्रतिनिधी शेतकऱ्याने निवडलेला असावा, मंत्र्याने नेमलेला नसावा. त्याने दर बैठकीनंतर जिल्हा मेळाव्यात उभे राहून हिशेब द्यावा. दोन वर्षांनी खुर्ची दुसऱ्याकडे द्यावी. खुर्ची ऊबदार असते आणि ऊब लागली की माणूस पेंगतो, मग तो आपला असला तरी.

दुसरा पाय तारखेचा. बैठक पिकाच्या वेळापत्रकाप्रमाणे व्हावी. एक मे महिन्यात, पेरणीआधी. दुसरी सप्टेंबरमध्ये, वेचणीआधी. शुल्काचे, निर्यातीचे आणि साठ्याचे धोरण मेमध्ये कळले तर कापूस किती लावायचा आणि तूर-ज्वारी किती, हे शेतकरी स्वतः ठरवील. ऑक्टोबर ते मार्च या आवकेच्या काळात धोरण बदलू नये. संकट आलेच आणि बदलावे लागलेच, तर त्याच दिवसापासून हमीभावाची सर्व केंद्रे उघडी पाहिजेत. गिरण्यांना खरी चणचण भासते ती जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नवा कापूस यायच्या आधी. तेवढ्या काळापुरती सवलत पेरणीआधीच ठरवून लिहून ठेवता येते. त्यात त्यांचे अडत नाही आणि आपलेही मोडत नाही.

तिसरा पाय कागदाचा. कोणी काय मागितले, सरकारने काय उत्तर दिले, हे पंधरा दिवसांत मराठीत छापून प्रत्येक बाजार समितीच्या फलकावर लागले पाहिजे. बंद दाराआड झालेल्या बोलण्याला लोक सौदा म्हणतात आणि बहुतेक वेळा बरोबर म्हणतात.

चौथा पाय आकड्यांचा. आज पिकाचा अंदाज सरकारी समिती काढते आणि व्यापाऱ्यांची संघटना काढते. दोन्ही जुळत नाहीत. अंदाज कमी निघाला तर गिरण्या आयात मागतात, जास्त निघाला तर दर दबतो. शेतकऱ्याचा स्वतःचा अंदाज नाही. २०२२-२३ च्या हंगामात त्याचा फटका बसला. आदल्या हंगामात दहा हजारांच्या वर गेलेला दर परत येईल म्हणून घरोघर कापूस भरून ठेवला गेला आणि दर उतरत गेला. जगात मागणी मंदावल्याची बातमी गिरणीवाल्याला होती, आपल्याला नव्हती.

उद्योगालाही या टेबलाची गरज आहे, हे त्यांना पटवून द्यायचे काम आपलेच. आपली रुईची सरासरी उत्पादकता हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास रेंगाळते, जगाची सरासरी त्याहून बरीच वर आहे. गुलाबी बोंडअळीने बीटीचे कवच भेदले आहे. कापसात पोत्याचे धागे, प्लास्टिक आणि केस येतात म्हणून गिरण्या ओरडतात. आमचे उत्तर सरळ आहे: स्वच्छ वेचलेल्या कापसाला वेगळा दर द्या, वेचणीला सुती कापडाची ओटी पुरवा, मग केस सापडला तर आम्हाला विचारा. मजुरीला किलोमागे पैसे मोजून स्वच्छ वेचायचे आणि बाजारात सगळा कापूस एकाच ढिगात जायचा, असा धंदा कुणीच करत नाही. शेती हाही धंदाच आहे. सरकार आणि व्यवसाय यांचा संवाद म्हणतात त्यातला व्यवसाय म्हणजे फक्त गिरणी नव्हे, पाच एकराचा कापूसवालाही त्यातच येतो.

रस्ता आम्ही सोडलेला नाही. ज्याच्याकडे रस्ता नाही त्याला टेबलावर कुणी बोलावत नाही आणि ज्याच्याकडे हिशेब नाही त्याला टेबलावर कुणी ऐकत नाही. दोन्ही हवे.

या मेळाव्यात ठराव मांडला जाईल तो एवढाच: कापूस-ज्वारी मंडळ, निवडलेला प्रतिनिधी, पेरणीआधीची बैठक, छापील इतिवृत्त. हात वर करून घरी जाऊ नका. प्रत्येक तालुक्याने दोन माणसे निवडावीत, त्यांत एक बाई असावी, कारण वेचणीचा हिशेब तिच्याच हातात असतो. त्या दोघांनी सप्टेंबरमध्ये गावातल्या दहा शेतांत, प्रत्येक शेतात दहा झाडांची बोंडे मोजून आकडे जिल्ह्याला कळवावेत. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला बाजारातला आणि खेडा खरेदीचा दर वहीत लिहावा, पट्टीची नक्कल जोडावी. शंभर गावांच्या अशा वह्या एकत्र झाल्या की जिल्ह्याचा आपला अंदाज तयार होतो. पुढच्या वेळी मंत्रालयातून कापसाची बैठक निघेल तेव्हा बोलावणे येवो न येवो, या वह्या घेऊन आपली माणसे दारात उभी असतील. आकडे हातात असलेल्या माणसाला बाहेर बसवणे कुठल्याही सरकारला फार दिवस जमत नाही.